नव्या नळाचा भार कोणी उचलावा?

मित्रहो, लातूरकरांना पाण्याचे मोल बाहेरच्या कोणी सांगावे, अशी स्थिती नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, हे आपल्याला आठवत असेल. आज मला बोलायचे आहे ते धरणात पाणी असतानाच उरकायच्या एका कामाबद्दल: नव्या बांधकामाला नळजोडणी देताना किती शुल्क घ्यावे आणि ते कसे ठरवावे.

नळजोडणीचा खर्च म्हटले की अर्जाची फी, अनामत, रस्ता खोदाई आणि प्लंबरची मजुरी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. हा खर्च रस्त्यातल्या वाहिनीपासून घरच्या हौदापर्यंतचा झाला. त्या वाहिनीच्या मागे जॅकवेल (धरणातले पाणी उपसण्यासाठी बांधलेली विहीर), पंप, जलशुद्धीकरण केंद्र आणि उंच टाक्या असतात, आणि प्रत्येक नवे घर त्यांच्या क्षमतेचा काही भाग व्यापते. जुन्या गल्लीच्या टोकाच्या घरात नळ सुटला की आधी नुसती हवा फुसफुसते, मग करंगळीएवढी धार येते. वरच्या अंगाला मोठी इमारत झाली आणि तिने वाहिनीला थेट मोटार लावली की ती धारही तुटते. त्या घराने नवे काहीच मागितलेले नसते, तरीही वाढीव टाकीचा खर्च त्याच्या पाणीपट्टीत येतो आणि टाकी झालीच नाही तर त्याची पाण्याची पाळी लांबते.

आता नव्या घराने या क्षमतेच्या खर्चाचा किती वाटा उचलावा, याचा हिशेब करू. समजा, रोज एक कोटी लिटर पाणी देणारी वाढीव योजना 60 कोटी रुपयांत होते. म्हणजे रोजच्या एका लिटरच्या क्षमतेला 60 रुपये पडले. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई 135 लिटर हे मानक धरले, तर पाच माणसांच्या घराला 675 लिटर लागतात आणि 15 टक्के गळती गृहीत धरली की सुमारे 800 लिटर. या घराचा वाटा 48,000 रुपये होतो. परंतु एवढ्यावर थांबणे अन्यायाचे ठरेल. निम्मा खर्च शासकीय अनुदानातून आला असेल तर तो ग्राहकाकडून मागता येत नाही, म्हणून 24,000 उरतात. त्यातल्या कर्जाचे हप्ते पाणीपट्टीतून फिटणार असतील तर ते हप्ते नवा ग्राहकही भरणारच आहे, त्यामुळे तेवढी वजावटही त्याला दिली पाहिजे, नाहीतर एकाच टाकीची किंमत त्याच्याकडून दोनदा वसूल होईल. माझा सर्वांत जास्त आग्रह या वजावटीबद्दल आहे, कारण ती कागदावर स्पष्ट दिसली तरच लोक हे शुल्क मनापासून मान्य करतील.

नळाच्या व्यासाचेही असेच आहे. अर्ध्या इंचाऐवजी एक इंची नळ घेतला की तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते, आणि घर्षण कमी झाल्याने त्याच दाबाला पाणी चौपटीहूनही अधिक येते. तिथे फक्त दुप्पट शुल्क घेणे म्हणजे मोठ्या ग्राहकाला सवलत देणेच आहे. रुग्णालयाचा हिशेब तर खाटांवरच करावा. शंभरपर्यंत खाटा असतील तर खाटेमागे रोज 340 लिटर हे मानक उपलब्ध आहे.

एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मात्र ही रक्कम पाणीपट्टीबरोबर हप्त्याने भरू द्यावी. ती एकरकमी मागितली तर रात्रीतून अनधिकृत नळ जोडला जातो आणि तो कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या शुल्काने वाहिनी वाढते, मांजरा धरणातले पाणी वाढत नाही. म्हणून शंभर सदनिकांना परवानगी देताना टंचाईच्या वर्षी त्यांना पाणी कुठून देणार, हे आधी तपासावे लागेल. त्यानंतर निम्मे शुल्क बांधकाम परवानगीच्या वेळी घ्यावे, म्हणजे इमारत उभी राहीपर्यंत वाहिनीचे काम सुरू करता येईल, आणि उरलेले भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी घ्यावे. ही रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि तिच्यातून पंपाचे वीजबिल कधीही भरू नये. ते पाणीपट्टीतूनच भरले पाहिजे.