पापड वाळवण्याची विद्या आणि पातळ फिल्म

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळ्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या असतील, तर पातळ फिल्म कशी तयार होते हे तुम्ही पाहिलेलंच आहे. स्टार्च पाण्यात शिजवायचा, पारदर्शक झाला की पळीने पसरायचा आणि वाळू द्यायचा. आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो, फक्त प्लास्टिकच्या कागदाऐवजी टेफ्लॉनची सपाट बशी असते.

नुसत्या स्टार्चची फिल्म वाळली की पापडीसारखीच मोडते. म्हणून स्टार्चच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ग्लिसरीन घालतो. फिल्म वाकू लागते, पण लेचीपेचीही होते. तिला बळ द्यायला माती लागते. बेंटोनाइट नावाची, आपल्याकडे कच्छात आणि बाडमेरला सापडणारी. तिचे पापुद्रे अवघे 1 नॅनोमीटर जाडीचे असतात, त्यामुळे 3 ते 5 टक्केही पुरते. मात्र ते पापुद्रे सुटे व्हायला हवेत. कोरडी माती थेट शिजत्या स्टार्चमध्ये टाकली, तर घाईने केलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, आणि ताण दिला की फिल्म बहुतेकदा गुठळीपाशीच फाटते. माती आदल्या रात्री पाण्यात भिजत घालावी आणि सकाळी तासभर ढवळावी. या कामातला हा सगळ्यात मोलाचा तास आहे, असं मी मनापासून मानते.

मिश्रण ओतण्याआधी बुडबुडे जाऊ द्यावेत आणि बशीखाली पाणसळ लावून पाहावी. बशी जरा कलती राहिली, तर फिल्म एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ होते. त्याची किंमत चाचणीत मोजावी लागते.

ती कशी, ते पाहा. फिल्मची 10 मिलिमीटर रुंद पट्टी कापून यंत्राच्या दोन जबड्यांत धरतात आणि तुटेपर्यंत ओढतात. समजा पट्टी 100 मायक्रॉन जाड आहे आणि 5 न्यूटनला तुटली. 100 मायक्रॉन म्हणजे 0.1 मिलिमीटर, म्हणून पट्टीचा छेद 1 चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला 5 न्यूटन, म्हणजे ताकद 5 मेगापास्कल. पण जाडी चुकून 80 मायक्रॉन मोजली, तर तीच ताकद सव्वासहा दिसते. फिल्ममध्ये काहीही न सुधारता कागदावर 25 टक्के सुधारणा! म्हणून मायक्रोमीटरने प्रत्येक पट्टीची जाडी निदान पाच ठिकाणी मोजायची. जबड्यापाशीच तुटलेली पट्टी हिशेबात धरायची नाही, नवी घ्यायची.

आणि हवा! स्टार्च हवेतलं पाणी शोषतो, आणि ते पाणीही ग्लिसरीनसारखंच फिल्मला मऊ करतं. मे महिन्यात विदर्भात तडकणारी पट्टी जुलैत मुंबईला रबरासारखी ताणली जाईल. यावर साधा उपाय आहे. झाकणाच्या भांड्यात तळाशी मिठाचं दाट, संपृक्त पाणी ठेवलं, की आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. पट्ट्या वर जाळीवर दोन दिवस ठेवायच्या आणि बाहेर काढल्या की लगेच ओढायच्या. माझ्या वहीत ताकदीच्या प्रत्येक आकड्याशेजारी दोन रकाने असतात: जाडी आणि आर्द्रता.