आपल्या आरोग्य केंद्रात औषधं कशी वापरली जातात, हे शोधायचं कुठे?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीहून बोलतेय, आणि आधी ही पिशवी बघा. माझ्या मावशीची आहे, सत्तरी तालुक्यात राहते ती. बीपीची गोळी चालू आहे तिची, आणि गेल्या पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले, मधेच चक्कर यायची. मी सगळी पिशवी टेबलावर ओतली तर अॅम्लोडिपिन, म्हणजे तीच बीपीची गोळी, दोनदा! एक सरकारी केंद्रातून मिळालेली, पाकिटावर औषधाचं मूळ नाव, आणि दुसरी खाजगी डॉक्टरने लिहिलेली, तिच्यावर कंपनीचं नाव, म्हणजे मावशीला वाटलं या दोन वेगळ्याच गोळ्या. डॉक्टरांना नेऊन दाखवलं, त्यांनी एक बंद केली, सूज उतरली.

पण मला झोप येईना, कारण ही चूक कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसली नसती ना! केंद्राचा कागद बरोबर, फार्मसीचं बिलही बरोबर. म्हणून कोणाला आपल्या भागातल्या औषधवापराचा अभ्यास करायचा असेल, फार्मसीचे किंवा नर्सिंगचे विद्यार्थी असाल, पंचायतीचे मेंबर असाल, तर कुठला कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही हे आधी कळायला हवं.

पहिलं ओपीडी रजिस्टर. त्यात तारीख, वय, आजार, बऱ्याचदा औषधंही लिहिलेली असतात. केस पेपर पुष्कळ ठिकाणी पेशंट घरी नेतो, त्यामुळे केंद्रात जाऊन जुने केस पेपर मागाल तर हात हलवत परत याल. मग फार्मसी काउंटरवरचं औषधवाटपाचं रजिस्टर बघायचं, आणि त्याच्या जोडीला स्टॉक बुक, म्हणजे कुठलं औषध किती आलं, किती गेलं, बॅच, एक्सपायरी. हे स्टॉक बुक लोक बघतच नाहीत आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा डॉक्टर डायबेटिसच्या गोळ्या बाहेरून आणायला सांगतायत, आपण लगेच त्यांच्यावर तोंड टाकतो, पण स्टॉक बुकात मेटफॉर्मिन २० दिवस शून्य दिसलं तर डॉक्टर बिचारे काय करणार? मग प्रश्न इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, कधी पाठवला आणि माल कधी आला याचा होतो.

आता मोजायचं कसं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये यासाठी एक पद्धत छापली, तिच्यात १२ मुख्य निर्देशक आहेत. एका भेटीत सरासरी किती औषधं लिहिली, किती मूळ नावाने लिहिली, किती भेटींत अँटिबायोटिक, किती भेटींत इंजेक्शन, किती औषधं आवश्यक औषधांच्या यादीतली. आपल्या देशाची २०२२ ची यादी ३८४ औषधांची आहे, ती समोर ठेवून ताळा करता येतो. हिशोब सोपा आहे, ३० भेटींत मिळून ८४ औषधं असली तर सरासरी २.८. सगळ्या भागाचं चित्र बघायचं तर निदान २० केंद्रं, प्रत्येकी ३० भेटी, असे ६०० कागद धरतात, आणि एकाच केंद्राबद्दल बोलायचं असेल तर त्या एकाच ठिकाणचे निदान १००.

आणि हे कागद वर्षभरातले घ्या हं! आपल्याकडे जून ते सप्टेंबर तापाचे पेशंट किती असतात तुम्हाला माहीत आहे, डेंग्यू, लेप्टो, व्हायरल, तेव्हाचेच कागद उचललेत तर अँटिबायोटिकचा आकडा भलताच दिसेल आणि तुम्ही केंद्राला उगाच दोष द्याल.

खाजगी फार्मसीत एक गोष्ट कायद्याने असते, एच-वन रजिस्टर. १ मार्च २०१४ पासून ठराविक अँटिबायोटिक्स, टीबीची आणि काही झोपेची औषधं विकली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते वेगळं लिहून ३ वर्षं ठेवावं लागतं. फार्मासिस्ट ते कोणालाही उघडून दाखवणार नाही, आणि दाखवूही नये, पण रीतसर परवानगी घेऊन नावं झाकून आकडे घेता येतात.

केंद्रातही तसंच, मेडिकल ऑफिसरना आधी भेटा, कागद दाखवा, कॉलेजकडून असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणा. स्टॉकचे आकडे, इंडेंटच्या तारखा मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पेशंटची खाजगी माहिती मात्र त्यात मागू नका.

आणि मग केंद्राच्या दारात उभं राहून औषध घेऊन बाहेर येणाऱ्यांना विचारा, लिहिलेल्यातली किती मिळाली, पाकिटावर कसं घ्यायचं ते लिहिलंय का, ही गोळी कधी आणि किती दिवस घ्यायची. त्या १२ निर्देशकांत हे आहेच. त्यात एक प्रश्न मी माझ्या फॉर्ममध्ये स्वतःचा घातलाय, "घरी आणखी कुठल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत?" जमलं तर त्यांच्या घरी जाऊन पिशवी बघा. डबल दिसलं तर स्वतः बंद करायला सांगू नका, पिशवीसकट डॉक्टरांकडे पाठवा.