जेनेरिक डेटा सर्व्हिस: सारखं नेमकं काय असतं?

मित्रहो, एका सार्वजनिक वाचनालयाचं वेब ॲप्लिकेशन डोळ्यांसमोर ठेवू या. त्यात पुस्तकं आहेत, सभासद आहेत, देवघेवीच्या नोंदी आहेत. सुरुवातीला कुणीतरी पुस्तकांची सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरशी डेटाची ने-आण करणारा कोड, लिहितं: यादी आणा, एक पुस्तक आणा, नवं घाला, बदला, काढून टाका. मग सभासदांची वेळ येते. तीच फाइल कॉपी होते, नावं बदलतात. देवघेवीपर्यंत पोचलं की टीममधून आवाज येतो, ‘हे सगळं एका बेस क्लासमध्ये, म्हणजे बाकीचे क्लास ज्यावरून बनतील त्यात, टाकू आणि टाइप पॅरामीटर म्हणून टी घेऊ.’ टी म्हणजे वापरताना भरायची टाइपची रिकामी जागा, आणि अशा कोडला जेनेरिक म्हणतात. टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइप्स जोडलेल्या जावास्क्रिप्टमध्ये, जेनेरिक्स २०१३ पासून, म्हणजे ०.९ आवृत्तीपासून आहेत. असा क्लास लिहायला फार वेळ लागत नाही.

माझं म्हणणं असं आहे, की या तीन फाइलींमध्ये खरोखर सारखा असतो तो फक्त डेटाची ने-आण करण्याचा भाग. पुस्तक, सभासद आणि नोंद यांचं वागणं सारखं नसतं. ते एका क्लासमध्ये कोंबलं की सहा महिन्यांनी त्या क्लासला हात लावायला सगळे घाबरतात.

आधी टीबद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. टाइपस्क्रिप्टचे टाइप्स कंपाइल होताना पुसले जातात. ब्राउझरमध्ये टी नावाचं काहीही उरत नाही. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कमध्ये २०१७ साली ४.३ आवृत्तीत सर्व्हरला विनंत्या पाठवणारा एचटीटीपी क्लायंट आला. त्याच्या गेट मेथडला तुम्ही ‘देवघेव’ हा टाइप दिलात, म्हणजे ‘सर्व्हरकडून हेच येईल’ असं तुम्ही कंपायलरला सांगितलंत. त्याने विश्वास ठेवला. आलेला डेटा कुणीच तपासला नाही. ब्राउझरच्या फेच फंक्शनचंही तेच: त्याच्या उत्तराच्या जेसन मेथडमधून एनी, म्हणजे ‘काहीही चालेल’ असा टाइप, बाहेर पडतो आणि एनीला कुठलाही टाइप चिकटवता येतो.

आता नोंदीतली परतीची तारीख घ्या. इंटरफेसमध्ये आपण तिचा टाइप डेट लिहिला. डेटा ज्या मजकुरी स्वरूपात येतो त्या जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही, त्यामुळे प्रत्यक्षात येते ती स्ट्रिंग. कंपायलर खूश, एडिटरमध्ये लाल रेघ नाही, आणि दंड मोजणाऱ्या फंक्शनने त्या तारखेवर गेटटाइम बोलावलं की स्क्रीन कोसळते. चूक सर्व्हिसमध्ये असते आणि शोध दंडाच्या कोडमध्ये सुरू होतो. हे मला फार खटकतं, कारण टाइप्स आपण नेमके याचसाठी लिहितो.

उपाय सोपा आहे. सर्व्हिसला नुसता टी देऊ नका, त्याच्याबरोबर डीकोडर द्या. डीकोडर म्हणजे अननोन (तपासल्याशिवाय वापरता न येणारा टाइप) घेऊन टी परत करणारं किंवा स्पष्ट एरर देणारं फंक्शन. अननोन हा टाइप २०१८ साली ३.० मध्ये आला तो अशाच जागांसाठी. झॉडसारखी डेटा तपासणारी लायब्ररी वापरलीत तर स्कीमा, म्हणजे डेटाच्या रचनेचं वर्णन, एकदाच लिहायचा आणि टाइप त्याच्यातूनच काढायचा. इंटरफेस एक सांगतोय आणि तपासणी दुसरंच करतेय, असं मग होत नाही. तारखेचं रूपांतरही तिथेच, एकदाच होतं.

आता वागण्याकडे येऊ. देवघेवीची नोंद कधीच काढून टाकायची नसते. पुस्तक परत करणं हा साधा बदलही नाही. त्यात दंड येतो, पुढच्या सभासदाचं आरक्षण येतं. पण बेस क्लासने काढून टाकण्याची मेथड दिलेलीच असते. मग कुणीतरी ती उपक्लासमध्ये ओव्हरराइड करून, म्हणजे नव्याने लिहून, आत एरर फेकतं. उपक्लास मूळ क्लासच्या जागी बिनधोक चालला पाहिजे, हा विचार बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडला होता. इथे तो मोडतो, आणि कंपायलरला पत्ताही लागत नाही.

म्हणून मी बेस क्लास करत नाही. यादी, एक, निर्मिती, बदल, काढणं यांची पाच छोटी जेनेरिक फंक्शन्स करतो. प्रत्येकाला पाथ आणि डीकोडर द्यायचा. पुस्तकांची सर्व्हिस पाचही घेते. देवघेवीची सर्व्हिस यादी आणि एक घेते, आणि ‘परत करा’ हे स्वतःचं फंक्शन लिहिते. जे नाही ते टाइपमध्येही नाही, त्यामुळे नोंद काढून टाकणारा कोड कंपाइलच होणार नाही.

पाठवायच्या डेटाचा टाइप वेगळा ठेवा. नव्या पुस्तकाला आयडी नसतो, तिथे टाइपमधून फील्ड वगळणारं ऑमिट चालतं. पण ऑमिट युनियनवर, म्हणजे ‘हा किंवा तो’ अशा टाइपवर, जपून वापरा. सभासद व्यक्ती किंवा संस्था असा युनियन असेल, तर ऑमिट फक्त दोन्हींतली सामाईक फील्ड्स ठेवतं आणि उरलेली नाहीशी होतात. बदलासाठी पार्शल, म्हणजे सगळी फील्ड्स ऐच्छिक असलेला टाइप, घेतलात तर विनंती पॅचची, म्हणजे थोडाच भाग बदलणारी, हवी. पुट म्हणजे पूर्ण रिसोर्स बदलणं. अर्धा ऑब्जेक्ट पुटने पाठवला तर उरलेली फील्ड्स पुसली जाऊ शकतात.

आयडींचंही तेच. टाइपस्क्रिप्ट फक्त रचना बघतं. पुस्तकाचा आणि सभासदाचा आयडी दोन्ही स्ट्रिंग असतील तर अदलाबदल खुशाल कंपाइल होते. ब्रँडेड टाइप्स, म्हणजे वेगळी खूण चिकटवलेले टाइप्स, केले की ती तिथेच अडते.

शेअरिंगचा खरा फायदा मिळतो तो एरर्समध्ये. शेवटची प्रत दोघांनी एकाच वेळी मागितली तर सर्व्हरने ४०९, म्हणजे ‘संघर्ष आहे’ असा एरर कोड, द्यावा. नेटवर्क तुटणं वेगळं, ४०४ (सापडलं नाही) वेगळा, डीकोडर अडला तर तेही वेगळं. या सगळ्यांचा एक डिस्क्रिमिनेटेड युनियन, म्हणजे प्रकार सांगणारं फील्ड असलेला युनियन, करा आणि तो ने-आणीच्या थरातूनच परत द्या. विनंतीला ओळखीचं टोकन लावणं आणि पुन्हा प्रयत्न करणंही तिथेच. मात्र नवी नोंद करणारी पोस्ट विनंती आपोआप पुन्हा पाठवू नका. पहिली विनंती पोचून फक्त उत्तर हरवलं असेल, तर एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतील.

कॅशे, म्हणजे आणलेला डेटा साठवून ठेवणं, या थरात आणू नका. पुस्तकांची यादी तासभर जुनी चालेल, शिल्लक प्रती नाही चालणार. तो निर्णय ज्या त्या स्क्रीनचा.

आणि घाई करू नका. दोन सर्व्हिस हाताने लिहा, तिसरी आली की शेजारी ठेवून वाचा, आणि तिन्हींत शब्दशः सारख्या असलेल्या ओळीच बाहेर काढा. ने-आण करणारं फंक्शन बाहेरून पॅरामीटर म्हणून दिलंत, तर टेस्टमध्ये त्याच्या जागी खोटं फंक्शन ठेवून ४०९ आणि चुकीची तारीख या दोन्ही गोष्टी सर्व्हरशिवाय तपासता येतील. त्या दोन टेस्ट्स सगळ्यात आधी लिहा.