सैल साखळी

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत लहानपणी मी पोपटवाल्यासमोरून हलायची नाही. होम मैदानावर पाळण्यांच्या गलक्यात तो सतरंजी टाकून बसलेला असायचा. पिंजऱ्याचं दार वर उचललं की पोपट तुरुतुरु बाहेर यायचा, ओळीनं मांडलेल्या पाकिटांतलं एक चोचीनं ओढायचा, बक्षिसाचा दाणा घ्यायचा आणि स्वतःच्या पायानं परत आत जायचा. पाकिटातून कुठल्या देवाचं चित्र निघतंय याकडं सगळ्यांचं लक्ष असायचं. मी बघत राहायची ते उघडं दार. उडून का जात नाही हा, एवढंच मनात यायचं.

पुढं आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर एका विद्यार्थिनीनं मला टॅरो पत्त्यांचा जोड आणून दिला आणि त्यातल्या पंधराव्या पानावर मला तो पोपट पुन्हा भेटला. आज त्या पानाबद्दल आणि मोह रंगवणाऱ्या आणखी काही पानांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

एक आधीच सांगते. या पत्त्यांनी पुढचं कळतं असं मी मानत नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या मिलान, फेरारा अशा दरबारांत हे पत्ते तयार झाले ते खेळायला. आपल्या सावंतवाडीची गंजिफा खेळायची, तसंच. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि 120 गोल पानं. टॅरोत 78 लांबट पानं, त्यांतली 22 मोठ्या चित्रांची. त्यांवरून भाकीत सांगायची टूम निघाली अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. तोवर तीनेकशे वर्षं लोक त्यांच्यावर डावच मांडत होते. पण चित्र म्हणून ही पानं फार मोलाची आहेत. चित्र भविष्य सांगत नाही, तरी आपण त्यात आधी काय पाहतो यावरून आपलं आपल्याला बरंच कळतं.

आज बहुतेक ठिकाणी जी चित्रं दिसतात, ती 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या संचातली आहेत. योजना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. संच ओळखला गेला तो प्रकाशकाच्या आणि वेट यांच्या नावानं. काम केवढं मोठं आणि पैसे किती थोडे, असं तिनं त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं होतं. 1951 मध्ये ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आपल्याकडं चादरीवरचा मोर कुणी काढला, मागावर नक्षी उठवणारे जेकार्डचे भोकांचे पुठ्ठे कुणी पाडले, हे ती चादर पांघरणाऱ्याला कुठं ठाऊक असतं? म्हणून तिचं नाव मी मुद्दाम घेते. पानाच्या कोपऱ्यात नागमोडी वळणाची तिची खूण असते. पान हातात आलं की आधी ती शोधावी.

आता ते पंधरावं पान. त्याचं नाव सैतान.

मागं दिवाळी उलटल्यावर आमच्या गल्लीतली एक सून रात्री नऊ वाजता माझ्याकडं आली. मोबाईलवर तिनं कुणाकडून तरी पत्ते काढून घेतले होते आणि हेच पान निघालं होतं. "काकू, सैतान आलाय. घरात काय वाईट व्हायचं असंल का?" हात गार पडले होते तिचे. मी चहा टाकला, माझा जोड काढला आणि ते पान टेबलावर ठेवलं. बारीक नक्षी बघायला मी एक भिंग ठेवते, ते तिच्या हातात दिलं. म्हटलं, भिऊ नको, काय काय दिसतंय तेवढं सांग.

ती सांगायला लागली. वर एक शिंगाडा बसलाय, मांड्या केसाळ, पायाला पक्ष्यासारखी नखं, पंख वटवाघळाचे. कपाळावर उलटी चांदणी. उजवा हात वर, डाव्या हातात मशाल, आणि ती मशाल खाली झुकलेली. तो बसलाय तो काळा चौथरा. चौथऱ्याला कडी, कडीतून दोन साखळ्या, त्यांना बांधलेले एक बाई आणि एक पुरुष. दोघांना छोटी शिंगं आणि शेपटं. इथं ती थांबली. भिंग खाली-वर केलं. "काकू, हिच्या शेपटाला द्राक्षं लागलीत."

खरंच लागली आहेत. द्राक्षांचा भरलेला घड. आपल्या नान्नजकडं फेब्रुवारीत मांडवाखाली वाकून गेलं की डोक्याला लागतो ना, तसा. आणि पुरुषाच्या शेपटाच्या टोकाला ज्योत आहे. सैतानाची खाली झुकलेली मशाल नेमकी त्या शेपटाजवळ आलेली आहे.

मी सहावं पान काढून शेजारी ठेवलं. त्याचं नाव प्रेमी युगुल. तेच बाई आणि पुरुष, तसेच उभे, मध्ये वर देवदूत आणि त्याच्याही वर सूर्य. बाईच्या मागं फळांचं झाड, खोडाला साप. पुरुषाच्या मागं ज्वाळांचं झाड. आता दोन्ही पानं मिळून बघा. सहाव्या पानावर फळ झाडावर आहे, ज्वाळा झाडावर आहेत. माणसांच्या मागं, थोड्या अंतरावर. पंधराव्या पानावर झाडं गेली, आणि फळ आणि ज्वाळा अंगाला शेपूट होऊन चिकटली. बाहेर होतं ते अवयव झालं. व्यसनाची, हव्यासाची यापेक्षा नेमकी व्याख्या मी कुठं पाहिलेली नाही. हवंसं वाटणारी वस्तू समोर असते तोवर आपण तिच्याकडं बघतो, नाही म्हणतो, हो म्हणतो. ती अंगाला फुटली की तिच्याकडं बघताच येत नाही, कारण ती आपल्या पाठीमागं हलत असते.

चहा निवून गेला होता. ती अजून भिंगातून बघत होती. मग म्हणाली, "काकू, साखळी सैल आहे की. गळ्यातनं सहज निघतीय."

हे तिचं तिला दिसलं, याचा मला फार आनंद झाला. साखळीचा वेढा डोक्यापेक्षा मोठा आहे. दोघांचे हात मोकळे आहेत. कुलूप नाही. तरी दोघं उभी आहेत, आणि चेहऱ्यावर त्रास म्हणावा तसा त्रासही नाही. त्यांना तिथं सवय झाली आहे.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं सांगितलं. कपाटात, हिवाळ्याच्या चादरींच्या मागं, अकरा साड्या आहेत. न उघडलेल्या. रात्री पोरं झोपली की मोबाईलवर बघत बसायची, दीड-दोन वाजायचे, हप्त्यावर एखादी मागवायची. पार्सल आलं की लपवून ठेवायची. घडी मोडायची इच्छाच व्हायची नाही. हवी होती ती साडी नव्हतीच, मागवण्याचा तो क्षण हवा होता. असं ती म्हणाली आणि रडली.

मी तिला उपदेश केला नाही. टॅरोतही पत्त्यांसारखे रंग असतात, त्यांतल्या प्याल्यांच्या रंगातली सत्ती दाखवली. ढगात सात प्याले तरंगताहेत आणि प्रत्येकातून काहीतरी वर आलंय. एकातून चेहरा, एकातून कापडाखाली झाकलेली उजेडाची आकृती, एकातून साप. मग वाडा, दागिने, विजयाची माळ, एक अक्राळविक्राळ प्राणी. माळेच्या प्याल्यावर बारीक कवटी काढलेली आहे, ती लवकर दिसत नाही. समोर उभा माणूस पूर्ण काळा आहे, पाठमोरा, नुसती सावली. त्याचे हात वर उचललेले, पण एकाही प्याल्याला लागलेले नाहीत. अंधाऱ्या खोलीत उजळलेला मोबाईल धरून बसलेल्या माणसाला मागून बघितलं तर तो असाच दिसतो. 1909 मध्ये काढलेलं चित्र आहे हे.

इथं एक खटकतं ते बोलते. मोहाबद्दल बोलायला लागलं की आपण लगेच सगळ्या सुखाला दटावायला लागतो. नऊ प्याल्यांचं पान बघा. एक गृहस्थ हाताची घडी घालून ऐसपैस बसलाय, मागं निळ्या कापडाच्या उंच मेजावर नऊ प्याले कमानीत मांडलेत. पंगतीतून नुकताच उठलेला, तृप्त. कुणी याला मनोकामनेचं पान म्हणतं, कुणी चैनीचं म्हणून नाक मुरडतं. मला त्या माणसाच्या जेवणाबद्दल काही म्हणायचं नाही. एकच गोष्ट टोचते, तो एकटा आहे. नऊ प्याले आणि एक माणूस.

आता आपला हुरडा आठवा. जानेवारीत ज्वारी दुधात आली की कुणाच्या तरी शेतावर आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, बाहेर काढून तळव्यावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायचं आणि गरम हिरवे दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत घालायचे. शेंगाचटणी, गूळ, बोरं, वर ताक. पोट भरलं तरी खातच असतो आपण. जिभेचे चोचलेच म्हणा. पण चोळणाऱ्याचा हात भाजतो आणि खाणारा वेगळा असतो, मग भूमिका बदलतात. यात साखळी कुठं आहे? मी शोधली, मला सापडली नाही. गुळभेंडी ज्वारीचा हुरडा लपवून ठेवताही येत नाही, तासाभरात त्याची चव जाते.

सैतानाच्या आधीचं, चौदावं पान संयमाचं आहे. देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततोय. एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. पाण्याची धार सरळ खाली पडायला हवी, ती तिरकी, हवेतून चालल्यासारखी जाते. पेला रिकामा करून टाकून दिलेला नाही. आहे तेच दुसरीकडं वळवलंय.

हे पान मी बघते तेव्हा मला आपल्या सिद्धरामेश्वरांची कथा आठवते. बाराव्या शतकातले आपले ग्रामदैवत. रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करणारी कुंभारकन्या त्यांच्याशी लग्न करायचं म्हणते. ते योगी. ते तिला हाकलून देत नाहीत, तिची इच्छा पाप आहे असंही म्हणत नाहीत. माझ्या योगदंडाशी लग्न कर, म्हणतात. आजही त्या लग्नाच्या अक्षता आपण टाकतो, सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांना फिरतात आणि संक्रांतीला होम होतो. एका मुलीच्या मनातली ओढ अख्ख्या गावानं आपली केली. इटलीच्या पत्त्यांचा आणि या कथेचा काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण पेल्यातून पेल्यात ओतणं म्हणजे काय, हे मला त्या देवदूतापेक्षा या कथेनं आधी शिकवलं.

त्या रात्री ती घरी गेली. अकरातल्या काही साड्या परत गेल्या, काहींची मुदत संपली होती. सासूला सगळं सांगितलं, ते सोपं गेलं नाही. हप्ते अजून चालू आहेत.

भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर, जिथं त्या लग्नाच्या अक्षता पडतात, तिथल्या गर्दीत ती मला दिसली. त्यातलीच एक साडी नेसून आली होती, जांभळी, मोठ्या काठाची. घडीच्या खुणा तशाच होत्या. पदराच्या आतल्या बाजूला दोऱ्यानं अडकवलेलं किमतीचं लेबल लोंबत होतं, ते काढायचं राहून गेलं होतं. कात्री कुठून आणणार तिथं? मी वाकून तो दोरा दातानं तोडला आणि लेबल तिच्या हातावर ठेवलं. तेवढ्यात लग्नाच्या संमतीचं 'सत्यम सत्यम' सुरू झालं आणि तिनं मुठीतल्या अक्षता उधळल्या.