फॅक्सच्या देशात सॉफ्टवेअर विकताना

[दृश्य: कचेरीतलं टेबल, त्यावर राखाडी मशीन. कागद सावकाश बाहेर सरकतोय.]

हा आवाज ओळखलात? आधी शिट्टी, मग खरखर, मग कोमट कागद. आपल्याकडे हा आवाज ऐकून जमाना झाला. जर्मनीत तो अजून कानावर पडतो. तिथल्या डिजिटल उद्योगांची 'बिटकॉम' नावाची संघटना आहे. २०२३ मध्ये तिनं कंपन्यांना विचारलं, तेव्हा १०० पैकी ८२ कंपन्या म्हणाल्या, हो, आम्ही अजून फॅक्स करतो. कोरोनाच्या साथीत तर कित्येक आरोग्य कार्यालयांत तपासणीचे अहवाल फॅक्सनं यायचे आणि कुणीतरी ते बघून पुन्हा संगणकात भरायचं.

आणि हा देश कुणाचा? मर्सिडीजचा, सीमेन्सचा. एसएपीचा. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये काढलेली ही सॉफ्टवेअर कंपनी आज वाल्डॉर्फ नावाच्या छोट्या गावातून जगभरातल्या कारखान्यांचे हिशेब सांभाळते. पुण्या-मुंबईत एसएपीच्या जिवावर हप्ते फिटलेले फ्लॅट किती असतील, कुणीतरी मोजायला हवेत.

मग घोडं अडलं कुठे?

[दृश्य: नगरपालिकेची इमारत. बाकावर नंबरची चिठ्ठी घेऊन बसलेली माणसं.]

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण फक्त आपली, असा आपला समज. जर्मनीनं २०१७ मध्ये कायदा केला की २०२२ संपेपर्यंत ५७५ सरकारी सेवा ऑनलाइन मिळतील. २०२२ संपलं, बहुतेक सेवा काही आल्या नाहीत. कारण पैसा नव्हे. १६ राज्यं, सुमारे ११ हजार नगरपालिका आणि ग्रामपालिका, आणि प्रत्येकीला आपापलं सॉफ्टवेअर निवडायचा अधिकार. एका गावात चाललेला फॉर्म शेजारच्या गावात चालेलच असं नाही. शेवटी मे २०२५ मध्ये केंद्रात डिजिटल कारभाराचं स्वतंत्र मंत्रालय निघालं. त्याचे पहिले मंत्री कार्स्टन विल्डबर्गर हे राजकारणातून आलेले नाहीत. मीडियामार्क्ट आणि सॅटर्न ही इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं चालवणाऱ्या कंपनीचे ते प्रमुख होते.

एवढं ऐकलं की बाहेरच्या विक्रेत्याच्या तोंडाला पाणी सुटतं. श्रीमंत देश, जुनी यंत्रणा, काम पडलेलंच आहे. पण नुसती गरज दिसली म्हणून इथे खरेदी होत नाही. जर्मन कारखानदार चालू असलेली गोष्ट सुखासुखी बदलत नाही. तो बदलतो ते कायद्यात तारीख छापून आली की. म्हणून या बाजारात उतरायचं तर बाजाराचे मोठमोठे आकडे बाजूला ठेवावेत आणि कॅलेंडर उघडावं.

[दृश्य: स्क्रीनवर एक साधं बिल. नंतर त्याच बिलाची कोडच्या ओळींमधली फाइल.]

हे एक बिल बघा. वरती कंपनीचं नाव, खाली माल, दर, कर, बेरीज. पीडीएफ करून ईमेलनं धाडलं. आपल्या मते हे झालं डिजिटल बिल. जर्मन कायद्याच्या मते नाही. १ जानेवारी २०२५ पासून तिथे ई-बिल म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी, ठरलेल्या रकान्यांची फाइल. माणसाला ती वाचवेलच असं नाही, पण घेणाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर कुणीही बोट न लावता ती उचलतं.

आता तारखा. देशांतर्गत व्यवहारात असं बिल स्वीकारण्याची तयारी प्रत्येक व्यावसायिकाला २०२५ पासूनच ठेवावी लागली. पाठवण्याची सक्ती २०२७ मध्ये सुरू होते. ज्यांची उलाढाल वर्षाला ८ लाख युरोंच्या वर आहे, ते आधी. २०२८ पासून बाकीचे. सुटतात ते अगदी छोटे व्यावसायिक आणि २५० युरोंपर्यंतची किरकोळ बिलं.

ही वाट आपल्याला नवी नाही. जीएसटीचं ई-इनव्हॉइस आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांपासून सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर आलं. छोट्या कारखान्यातल्या अकाउंटंटला रात्री नऊ वाजता काय अडचण येते, हे आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवर ऐकलंय. फरक एक आहे, आणि तो मोठा आहे. आपलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदलं जातं आणि तिथून क्रमांक घेऊन येतं. जर्मनीतलं बिल मध्ये कुठल्याही पोर्टलवर न थांबता थेट समोरच्या कंपनीकडे जातं. म्हणजे इथला माल जसाच्या तसा तिथे खपणार नाही. अनुभव मात्र खपेल.

दुसरी तारीख सरकारची नाही, एसएपीची आहे. कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या तिच्या जुन्या 'ईसीसी' प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपते. जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत. ज्या कारखान्यांनी वीस-वीस वर्षं या प्रणालीत स्वतःच्या सोयीचे बदल ठोकून ठेवलेत, त्यांना आता नवीन घरात सामान हलवायचंय. आणि हलवायला माणसं नाहीत. २०२३ मध्ये जर्मनीत आयटीच्या १ लाख ४९ हजार जागा रिकाम्या होत्या.

[दृश्य: बॉन शहर. ऱ्हाइन नदीकाठ.]

मग आत शिरलेले कसे शिरले? सरळ दारातून फार थोडे. २०२० च्या शेवटी डॉइचे बँकेनं आपली बॉनमधली पोस्टबँक सिस्टिम्स ही आयटी कंपनी मुंबईच्या टीसीएसला द्यायचं ठरवलं. किंमत? एक युरो. नुसती नावाला. खरा व्यवहार होता तिथल्या सुमारे पंधराशे कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा. त्याच वर्षी डिसेंबरात इन्फोसिस आणि मर्सिडीजवाल्या डाइमलरचा करार झाला, त्यातही डाइमलरची आयटीची माणसं इन्फोसिसकडे यायची होती. गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्याच्या केपीआयटीनं २०२२ मध्ये म्युनिकची टेक्निका इंजिनीअरिंग घेतली. १अँड१ या कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीतलं चौथं मोबाइल नेटवर्क ग्राहकांसाठी सुरू केलं. त्यामागचं तंत्र जपानच्या राकुटेनचं, पण बिलावर नाव १अँड१चंच. परदेशी आहेत सगळे, पण प्रत्येकानं आधी घरातलं कुणीतरी धरलंय.

सरकारी कंत्राटांचं गणित वेगळं. युरोपीय न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये एका तुर्की बांधकाम कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं की ज्या देशाचा युरोपीय संघाशी सरकारी खरेदीचा करार नाही, तिथल्या कंपनीला निविदेत बरोबरीची वागणूक मागण्याचा हक्क नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात भारत फक्त निरीक्षक आहे. तेव्हा जर्मन नगरपालिकेची निविदा बघून पुण्यातून थेट कागदपत्रं भरायला बसणं म्हणजे वेळ घालवणं. तिथल्या भागीदाराच्या मागून जावं, हे माझं मत.

आणि विश्वासाचा मामला आहे. जर्मन सरकारनं जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की ह्वावे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांचे भाग ५जी नेटवर्कच्या गाभ्यातून २०२६ अखेरपर्यंत बाहेर काढायचे. अमेरिकनांनाही सूट नाही: श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोडून लिब्रेऑफिस हे खुलं, मोफत सॉफ्टवेअर वापरायला लागलं. त्यांची चिंता एकच, उद्या चावी दुसऱ्याच्या हातात राहिली तर?

भारतीय कंपनीला हीच शंका कागदांच्या रूपात भेटते. युरोपीय संघानं भारताच्या माहिती-संरक्षणाला सरसकट मान्यता दिलेली नाही, म्हणून ग्राहकाची माहिती इथे आणायची तर जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याखालची ठरावीक कलमं करारात घालावी लागतात. गाड्यांच्या धंद्यात टिसॅक्स नावाची माहिती-सुरक्षेची तपासणी लागते. ते सगळं झालं की समोरचा सहज विचारतो, "बंद पडलं तर मी फोन कुणाला करायचा?" उत्तरात म्युनिक किंवा श्टुटगार्टचा नंबर असेल आणि पलीकडचा माणूस जर्मन बोलत असेल, तर पुढचं बोलणं होतं.

[दृश्य: पुणे, बोट क्लब रोड. मॅक्स म्युलर भवन, जिथे जर्मन शिकवतात. संध्याकाळ, फाटकाशी दुचाकींची गर्दी.]

तो माणूस कदाचित इथे तयार होत असेल. पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. सुरुवातीच्या धड्यांत हॉटेलात बिल कसं मागायचं ते शिकवतात: 'दी रेश्नुंग, बिट्टं'. रेश्नुंग म्हणजे बिल. यंत्रानं वाचायच्या त्या नव्या फाइलच्या एका प्रकाराचं नावही तेच आहे, पुढे फक्त एक अक्षर जोडलेलं: एक्स-रेश्नुंग.