डॉलरपासून पूर्णविरामापर्यंत

(दृश्य : काळा पडदा. मधोमध एक पांढरा ठिपका.)

हे एका अल्बमचं नाव आहे. शब्द नाही, अक्षर नाही, नुसता पूर्णविराम. बोलताना लोक त्याला ‘पीरियड’ म्हणतात. ४ जुलै २०२५ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, केशा या पॉप गायिकेनं तो काढला. याआधीचे तिचे पाच अल्बम एका जुन्या कराराखाली निघाले होते. हा सहावा तिच्या स्वतःच्या ‘केशा रेकॉर्ड्स’चा.

त्याच्या तीनच दिवस आधी, १ जुलैला, सॉल्ट लेक सिटीला तिचा दौरा सुरू झाला. सोबत न्यूयॉर्कचा एक बँड होता, सिझर सिस्टर्स. २०१२ला थांबलेला आणि आता पुन्हा एकत्र आलेला. दौऱ्याचं नाव ‘द टिट्स आउट टूर’. त्याचं मराठी करण्याची गरज नाही, कळायचं ते कळतं. पण सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं मुख्य ठाणं, मर्यादेच्या कल्पना कडक असलेलं. तिथून या नावाच्या दौऱ्याचा नारळ फुटला, हे मला फार आवडलं.

जाहिरातीत नावं दोन. एकाची मैफल आणि दुसरा तोंडी लावायला, असा मामला नव्हता. दोघंही मुख्य कलाकार. या बरोबरीची किंमत समजून घ्यायची, तर आधी एका नावातली खूण पाहावी लागते.

(दृश्य : नॅशव्हिल शहर. संध्याकाळ.)

केशाचा जन्म १९८७चा, लॉस एंजेलिसचा. वाढली मात्र नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या पंढरीत. आई पेबी सेबर्ट गीतकार. आईनं सहलेखक म्हणून लिहिलेलं एक गाणं डॉली पार्टननं गायलं आणि १९८०ला ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे गाणं लिहिणं, विकणं, ते दुसऱ्याच्या तोंडी मोठं होणं, हे या घरात रोजचं होतं. अठराव्या वर्षी केशानं डॉ. ल्यूक या निर्मात्याबरोबर करार केला. निर्माता म्हणजे इथे पैसा घालणारा नव्हे, तर स्टुडिओत गाणं घडवणारा माणूस. पुढे रेकॉर्ड कंपनीही त्याचीच आली.

२००९ साली फ्लो रायडा या रॅपरचं एक गाणं अमेरिकेत सहा आठवडे पहिलं होतं. त्यातली सतत कानात घुमणारी बाईच्या आवाजातली ओळ केशाची. श्रेयात मात्र तिचं नाव नव्हतं. याच काळात तिनं इंग्रजीत नाव लिहिताना मधल्या ‘एस’च्या जागी डॉलरची खूण घातली. खिशात पैसा नाही, म्हणून नावात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचं स्वतःचं ‘टिक टॉक’ हे गाणं आलं. त्याच नावाचं ॲप यायला अजून बरीच वर्षं होती. २०१०च्या सुरुवातीला हे गाणं सलग नऊ आठवडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिलं होतं. सकाळी उठल्यापासून पार्टी, ब्रश करायचा तोही व्हिस्कीनं. समीक्षकांनी नाकं मुरडली आणि पोरं नाचली. माझं मत विचाराल, तर तेव्हाही पोरांचंच बरोबर होतं. तो अर्धवट बोलण्यासारखा, अर्धवट गाण्यासारखा आवाज पुढे किती जणींनी उचलला!

(थोडी शांतता.)

ऑक्टोबर २०१४. केशानं डॉ. ल्यूकवर खटला भरला. लैंगिक आणि मानसिक अत्याचाराचा आरोप केला, करारातून मोकळं करा अशी मागणी केली. त्यानं सगळे आरोप नाकारले, ते शेवटपर्यंत नाकारले, आणि उलट बदनामीचा दावा लावला. त्याच वर्षी तिनं नावातला डॉलर काढून टाकला. साधा ‘एस’ परत आला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेकॉर्डिंगचा करार अनन्य असतो. करारातले अल्बम पूर्ण होईपर्यंत गायकानं दुसऱ्या कुणासाठी रेकॉर्ड करायचं नाही. मोजदाद वर्षांची नसते, अल्बमांची असते. अल्बम निघालाच नाही, तर कराराचं घड्याळ जागच्या जागी थांबतं. आणि गायकाचं वय काही थांबत नाही. तिचा दुसरा अल्बम २०१२च्या अखेरीस आला होता. तिसरा यायला २०१७चा ऑगस्ट उजाडला.

१९ फेब्रुवारी २०१६, मॅनहॅटनचं कोर्ट. बाहेर फलक धरून चाहते उभे. आत केशा पांढऱ्या कपड्यांत. दुसरीकडे रेकॉर्ड करण्याची तात्पुरती मुभा द्या, एवढीच त्या दिवसाची मागणी होती. न्यायाधीशांनी ती नाकारली. करार दोन्ही बाजूंनी वाटाघाटी करून झालेला आहे आणि या धंद्यात असेच करार होतात, असा त्यांचा रोख होता. केशा कोर्टातच रडली. ते छायाचित्र जगभर गेलं.

तीन महिन्यांनी एका पुरस्कार सोहळ्यात ती बॉब डिलनचं एक गाणं गाणार होती. कंपनीनं आधी दिलेली परवानगी काढून घेतली. आरडाओरडा झाल्यावर परत दिली, पण त्या मंचावरून खटल्याबद्दल काही बोलायचं नाही या हमीवर. ती गायली. दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याची चाल. आवाज तेवढा तिचा.

त्या वर्षी ती छोट्या छोट्या सभागृहांमध्येही गात फिरली. रेकॉर्ड बंद होती, मंच चालू होता. मला वाटतं, तिच्या गोष्टीतलं खरं रहस्य इथे आहे. ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं असतं. पण रात्री नऊ वाजता माइक हातात घेतल्यावर तोंडातून काय निघेल, त्यावर कंपनीचा शिक्का बसत नाही.

याचा पुरावा खुद्द ‘टिक टॉक’मध्ये सापडतो. त्या गाण्याच्या पहिल्याच ओळीत एका बड्या रॅपरचं नाव होतं, झोपेतून उठताना त्याच्यासारखं वाटतंय म्हणून. नोव्हेंबर २०२३ला त्या रॅपरवर त्याच्या जुन्या मैत्रिणीनं गंभीर आरोपांचा खटला दाखल केला. केशा तेव्हा दौऱ्यावर होती. तिनं मंचावर ओळ बदलली : उठते तेव्हा मला माझ्यासारखंच वाटतं. पुढच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवात तर तिनं त्या नावाला सरळ शिवी हासडली. रेकॉर्डवरची ओळ तशीच राहिली. मंचावरची बदलली.

(दृश्य : पांढरे कपडे घातलेल्या बायकांचा घोळका.)

२०१७ला ‘रेनबो’ आला आणि विक्रीच्या यादीत थेट पहिला गेला. त्यात आईचं ते गाणं केशा आणि डॉली पार्टन एकत्र गायल्या आहेत. जानेवारी २०१८ला ग्रॅमीच्या मंचावर तिनं ‘प्रेयिंग’ गायलं. भोवती सिंडी लॉपर, कमिला कबेलो, अँड्रा डे आणि इतर कितीतरी जणी, सगळ्या पांढऱ्यात. गाणं संपलं तसं सगळ्यांनी तिला मिठीत घेतलं. तो सोहळा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला होता. ही जागा लक्षात ठेवा.

डॉ. ल्यूकचा बदनामीचा खटला आणखी पाच वर्षं चालला. जून २०२३ला, सुनावणी महिन्यावर आलेली असताना, तडजोड झाली. आरोपातल्या त्या रात्री काय घडलं हे देवालाच ठाऊक, असं तिनं निवेदनात म्हटलं. काहीही घडलेलं नाही याची मला पक्की खात्री आहे, असं त्यानं म्हटलं. आरोपांचा निवाडा कोर्टात झालाच नाही. डिसेंबरमध्ये ती कंपनीतून बाहेर पडली.

आता बँडकडे वळू.

सिझर सिस्टर्सचा जन्म २००१चा, न्यूयॉर्कच्या रात्रींमधला. गायक जेक शियर्स आणि वाद्यांची बाजू सांभाळणारा बेबीडॅडी हे जुने दोस्त. ॲना मॅट्रॉनिक कॅबरेचं सूत्रसंचालन करायची, ती येऊन मिळाली. बहुतेक सदस्य उघडपणे समलिंगी, अंगावर चमचम, गाण्यात सत्तरच्या दशकातला डिस्को. लोअर ईस्ट साइडच्या ‘स्लिपर रूम’ नावाच्या छोट्या क्लबमधून त्यांची सुरुवात झाली.

पिंक फ्लॉइड या जुन्या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’ या गंभीर, संथ गाण्याला त्यांनी नाचायचं गाणं केलं. हे ऐकून जुने भक्त खवळणारच. पण खुद्द पिंक फ्लॉइडच्या मंडळींनी कौतुक केलं. २००४ला त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपला. ‘कीन’ या बँडला त्यांनी अगदी निसटतं मागे टाकलं. पुढच्या वर्षी तीन ब्रिट पुरस्कार. २००६ला एल्टन जॉनबरोबर लिहिलेलं ‘आय डोन्ट फील लाइक डान्सिन’ तिथे पहिल्या क्रमांकावर. पियानोही एल्टनचाच.

आणि स्वतःच्या देशात? अमेरिकेत त्यांना तसं यश कधी मिळालं नाही. त्या पहिल्या अल्बममधल्या ‘टिट्स ऑन द रेडिओ’ या गाण्यापायी वॉलमार्टनं अल्बम दुकानात ठेवायलाच नकार दिला होता. ज्या काळात छोट्या गावांमध्ये सीडी मिळण्याचं ठिकाण म्हणजे वॉलमार्ट, त्या काळातला हा नकार. एकवीस वर्षांनी तोच शब्द त्यांच्या दौऱ्याच्या नावात, तिकिटावर छापून आला.

२०१२ला त्यांनी काम थांबवलं. शियर्स न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ‘किंकी बूट्स’ या संगीतिकेत उभा राहिला, एल्टनच्या संगीतिकेसाठी गीतं लिहू लागला. मग २०२४च्या शेवटी घोषणा झाली : पहिल्या अल्बमला वीस वर्षं झाली, मे २०२५मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडचा दौरा करतोय. ॲना त्यात नव्हती. हे चाहत्यांना लागलं आणि लागायलाच हवं, कारण त्या बँडचा अर्धा मिश्कीलपणा तिच्याकडे होता. तिच्या जागी कुणाला ॲना बनवून उभं केलं नाही. दोन गायिका आल्या, त्या स्वतःच्या नावानं.

२८ जूनला ग्लॅस्टनबरी महोत्सवात ते गायले. २०१०च्या त्यांच्या एका गाण्यात ब्रिटिश अभिनेते इयन मकेलन यांच्या आवाजात काही संवाद आहेत. त्या रात्री ८६ वर्षांचे मकेलन स्वतः मंचावर आले आणि तो भाग बोलले. शनिवारी इंग्लंडमधल्या शेतात, मंगळवारी यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला.

(दृश्य : भरदुपारचं रिकामं खुलं नाट्यगृह. पुढे छपराखाली खुर्च्या, मागे उतारावर हिरवळ.)

अमेरिकेतल्या उन्हाळी दौऱ्यांच्या जागा अशा असतात. इथे ‘ओपनिंग ॲक्ट’चं नशीब कसं असतं ते पाहा. ऊन्हं उतरलेली नसतात, लोक अजून गाडी लावायला जागा शोधत असतात. हाती अर्धा-पाऊण तास. मागे मुख्य कलाकाराचा भव्य सेट कापडाखाली झाकून ठेवलेला, आणि त्याच्यापुढे उरलेल्या पट्टीत उभं राहून गायचं. दिवेही मोजकेच वाट्याला.

केशा आणि सिझर सिस्टर्स, दोघांनीही हे केलेलं आहे. २०१०ला रिहानाच्या दौऱ्यात केशा आधी गायची. २०११ला लेडी गागाच्या अमेरिकेतल्या दौऱ्यात हा बँड आधी वाजवायचा.

संयुक्त दौऱ्याचं गणित निराळं. दोघांचे पूर्ण कार्यक्रम. याला जुगलबंदी म्हणता येणार नाही. एकाची पूर्ण मैफल उतरते, मग दुसऱ्याची चढते. मधल्या वेळात पडद्यामागे खरी कसरत चालते. ड्रम आधीच चाकांच्या चौथऱ्यावर जुळवून ठेवलेले असतात, तो अख्खा चौथरा ढकलत आत न्यायचा आणि दुसरा बाहेर आणायचा. तारांना रंगीत पट्ट्या लावलेल्या असतात, कोणती कुणाची हे अंधारात कळावं म्हणून. खर्चही वाटला जातो : ट्रक, बस, ध्वनियंत्रणा, दिवे, माणसं. कोरोनानंतर हे सगळं महाग झालं. मोठी जागा एकट्याच्या नावावर भरेल की नाही ही धाकधूक दोघांत वाटली गेली, की छाती जरा हलकी होते. केशानं २०१८ला मॅकलमोर या रॅपरबरोबर असाच दौरा केला होता, त्यामुळे तिला हे नवं नव्हतं.

पण नुसत्या पैशानं ही जोडी जुळलेली नाही. दोघांचा श्रोता एकच आहे. ज्याला कुटुंबात, गावात, शाळेत ‘हे काय वेड्यासारखं’ असं ऐकावं लागलं, तो. समलिंगी, ट्रान्स मुलंमुली, त्यांच्या मैत्रिणी, आणि २०१०ला विशीत असलेल्या, आता ऑफिसातून रजा काढून आलेल्या बायका. स्लेटर आणि रोझ ग्रे या तरुण गायिकांनाही दौऱ्यात जागा मिळाली. त्या आधी गायच्या, ऊन्हं असताना.

(दृश्य : न्यूयॉर्क. सेव्हन्थ अव्हेन्यू.)

२३ जुलै २०२५. मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सात वर्षांपूर्वी केशा इथे पांढऱ्या कपड्यांत एक गाणं गाऊन गेली होती, दुसऱ्यांच्या सोहळ्यात. आज दारावरच्या दोन नावांपैकी एक तिचं होतं.

इथून दक्षिणेला निघालं, की जेमतेम चार किलोमीटरवर ‘स्लिपर रूम’ आहे. मुख्य कलाकार म्हणून ते अंतर कापायला सिझर सिस्टर्सना चोवीस वर्षं लागली. आणखी थोडं खाली गेलं, की ते कोर्ट. तिथे केशानं दुसरीकडे रेकॉर्ड करण्याची परवानगी मागितली होती.

(दृश्य : सभागृहातले दिवे मालवतात.)

हजारो माणसं उभी आहेत. पडद्यामागून कुणीतरी चाकांचा चौथरा आत ढकलतंय.