बर्फाचा निकाल वर लागतो

आजच्या व्याख्यानाचा विषय छापलाय ‘येत्या ४८ तासांतला हिमवर्षाव’. त्याकडे येतोच, पण टोर बेर्गेरॉनची गोष्ट आधी सांगू द्या. ती मला फार प्रिय आहे.

हा स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या हवामान-संशोधकांच्या गटातला. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणाऱ्या हवामानाच्या तारा थांबल्या, तेव्हा १९१८ साली या गटाचे प्रमुख विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी नॉर्वेतच निरीक्षणांचं दाट जाळं उभारलं. सरकत्या फ्रंटची, म्हणजे गरम आणि थंड हवेमधल्या सीमेची, कल्पना त्याच नोंदींतून निघाली. त्यावरचा पायाभूत लेख १९१९चा, त्यांच्या मुलाचा, याकोबचा. वय २१! पुढच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडेच बघून सांगतोय. असो.

तर १९२२च्या हिवाळ्यात बेर्गेरॉन ऑस्लोजवळच्या डोंगरावर विश्रांतीला होता. फरच्या जंगलातून फिरायला जायचा. डोंगरावर धुकं, म्हणजे खाली टेकलेला ढगच. त्याच्या लक्षात आलं, की कडक थंडी असली की धुकं झाडांच्या वरच अडतं, रस्ता मोकळा. आणि पारा शून्याच्या वर चढला की तेच धुकं थेट रस्त्यावर उतरतं. आपण म्हणालो असतो, ‘वा!’ आणि पुढे गेलो असतो. तो विचार करत राहिला. शून्याखालीसुद्धा धुक्याचे थेंब न गोठता राहू शकतात. पण शेजारी बर्फ असला, तर बाष्प बर्फावर जमत जातं आणि थेंब आटतात. फांद्यांवरचं हिम धुकं पिऊन टाकत होतं! ढगातही हेच घडतं. थेंब आटतात, हिमकण वाढतात, जड होऊन खाली येतात. थंड प्रदेशांतला बराचसा पाऊसही वर बर्फ म्हणूनच जन्मतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मग मुद्दा घाईने सांगतो. बर्फ पडणार का, हे अंगणातल्या तापमापकाला विचारू नका. वॉर्म फ्रंटमध्ये गरम हवा थंड हवेवर चढते. मधला गरम थर हिमकण वितळवतो. खालचा थंड थर जाड असेल तर ते पुन्हा गोठून बर्फाचे खडे होतात. पातळ असेल तर थेंब जमिनीला लागताच गोठतो, आणि रस्त्यावर सर्वांत घातक तोच. कोल्ड फ्रंटमध्ये थंड हवा गरम हवेखाली घुसते; तो उभा, वेगवान. त्याचा बर्फाचा पट्टा बहुधा अरुंद. तो तीन तास रेंगाळला तरी सगळा हिशेब बदलतो.

म्हणून ‘१५ सेंटिमीटर पडेल’ असा एकच आकडा फेकणाऱ्या अंदाजांवर माझा राग आहे. एक सेंटिमीटर पाण्याचा साधारण १० सेंटिमीटर बर्फ धरतात. ओला असला तर पाचच, कोरडा भुसभुशीत असला तर वीससुद्धा. अंदाज देणाऱ्याने किमान, कमाल आणि फ्रंटची वेळ सांगितलीच पाहिजे. ती वेळ तुम्हीही पडताळू शकता. उत्तर गोलार्धात नैर्ऋत्येचा वारा वायव्येकडे वळला आणि घसरणारा वायुदाब चढू लागला, की कोल्ड फ्रंट गेला समजा. मग सकाळचा अंदाज बाजूला ठेवा, ताजा मागा.